बंद केलेली कोलेस्टेरॉलची गोळी: मधुमेह, रक्तातील चरबी आणि ढासळत्या स्मरणशक्तीचे एक प्रकरण

फोंडा तालुक्यातल्या एका गावातील ६७ वर्षांच्या निवृत्त शिक्षिकेचे हे प्रकरण आहे. सरकारी मराठी प्राथमिक शाळेत त्यांची उभी हयात गेली. गावात लहानथोर सगळे त्यांना अजून 'बाई' म्हणतात, इथेही मी तेच म्हणतो. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. बाईंना टाइप २ मधुमेह होऊन १५ वर्षे झाली होती. सोबत रक्तदाब होता आणि कोलेस्टेरॉलसाठी सहा वर्षे गोळी चालू होती. ती गोळी घरच्यांनी दहा महिन्यांपूर्वी बंद केली होती, हे मला बऱ्याच उशिरा कळले.

हे प्रकरण सविस्तर लिहावेसे वाटले, कारण त्यात मधुमेहाच्या आपल्याकडच्या उपचारातली एक मोठी उणीव दिसते. साखरेवर सगळ्यांचे लक्ष असते, चरबीवर थोडेफार, आणि मेंदूवर कोणाचेच नसते. गोव्यात ही उणीव आणखी जाचते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 'इंडियाब' पाहणीचे जे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले, त्यांत गोव्यातील प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण २६.४ टक्के निघाले. देशातले ते सर्वाधिक. देशाची सरासरी ११.४ टक्के आहे. म्हणजे आपल्याकडे चार प्रौढांमागे एकाला मधुमेह, आणि या माणसांची साठी-सत्तरी आता येते आहे.

तक्रार

बाईंची स्वतःची काहीच तक्रार नव्हती. तक्रार त्यांच्या यजमानांची होती, आणि ती त्यांनी फार नेमक्या शब्दांत सांगितली. "डॉक्टर, ही विसरते असं नाही म्हणणार मी. पण हिला हल्ली काम जुळत नाही."

चवथीचे, म्हणजे गणेशचतुर्थीचे, उदाहरण त्यांनी दिले. माटोळीचे, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीचे, सामान दरवर्षी बाई तोंडपाठ सांगायच्या: नारळ किती, सुपारीचे घोस किती, कवंडळ, आंबाडे, तोरिंजन, चिबूड, कुठले शेजारच्या कुळागरातून (सुपारीच्या बागेतून) येणार आणि कुठले फोंड्याच्या बाजारातून आणायचे. यंदा बाजाराच्या दोन खेपा झाल्या तरी अर्धे सामान राहिले आणि सुपारी मात्र दुप्पट आली. चौकट टांगल्यावर आधी काय बांधायचे यावर बाई गोंधळून उभ्या राहिल्या. मग चिडल्या आणि आत निघून गेल्या. महिला भजनी मंडळाचा जमाखर्च त्यांच्याकडे असायचा. त्यात एकच देणगी दोनदा लिहिली गेली, त्यावरून बोलाचाली झाली आणि बाईंनी मंडळात जाणेच सोडले.

नावे, चेहरे, जुने विद्यार्थी, कोणाचे लग्न कोणत्या साली झाले, हे सगळे त्यांना लख्ख आठवत होते. म्हणून नातेवाइकांनी "वय झालं, चालायचंच" म्हणून विषय संपवला होता. स्मृतिभ्रंश म्हणजे माणसे न ओळखणे, एवढेच लोकांच्या डोक्यात असते. पण मधुमेहात मेंदूची झीज पुष्कळदा अशीच सुरू होते. आखणी, क्रम, हिशेब, एका कामातून दुसऱ्या कामाकडे वळणे हे आधी मंदावते, आठवण मागाहून जाते. माणूस गप्पांत पूर्वीसारखाच वाटतो, म्हणून घराबाहेरच्या कोणाला काही कळत नाही. बरोबर राहणाऱ्याला मात्र कळते. मधुमेही रुग्णाच्या नवऱ्याने किंवा बायकोने असे काही सांगितले, तर ते कागदावर उतरवून घ्यावे असे माझे ठाम मत आहे.

पिशवीतल्या गोळ्या

पुढच्या भेटीला मी घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणायला सांगितल्या. कागदावर काय लिहिले आहे यापेक्षा पोटात काय जाते ते मला हवे होते. यजमानांनी पिशवी टेबलावर रिकामी केली. मेटफॉर्मिन या साखरेच्या गोळीची पाकिटे हिशेबाला बरोबर होती. टेल्मिसार्टनच्या गोळ्या असायला हव्या होत्या त्याहून जास्त शिल्लक होत्या, म्हणजे रक्तदाबाची गोळी मधूनमधून राहत होती. ग्लिमेपिराइडच्या कमी होत्या, म्हणजे साखर झपाट्याने उतरवणारी गोळी काही दिवस दोनदा जात होती. आणि तळाशी अटोर्व्हास्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या गोळीची, एक अख्खी पट्टी होती. तिच्यातली एकही गोळी फोडलेली नव्हती.

"ही का नाही घेतली?" असे विचारल्यावर यजमानांनी मुलीकडे पाहिले. मुलगी पर्वरीला नोकरी करते, आईला घेऊन तीच आली होती. तिने सरळ सांगितले. कोलेस्टेरॉलच्या गोळीने मेंदू सुकतो, मेंदू चरबीचाच बनलेला असतो, असा संदेश तिला मोबाइलवर आला होता. आईचा गोंधळ तेव्हा नुकताच सुरू झाला होता, म्हणून तिने गोळी थांबवली. मुलीच्या मनात आईची काळजीच होती, तिला दोष देण्यासारखे यात काही नाही. पण त्या संदेशातले अर्धसत्य किती धोक्याचे आहे ते नीट समजून घेतले पाहिजे.

मेंदूत कोलेस्टेरॉल भरपूर असते हे खरे. शरीरातल्या एकूण कोलेस्टेरॉलपैकी सुमारे पाचवा हिस्सा एकट्या मेंदूत असतो. पण तो ते रक्तातून घेत नाही, आपले आपण तयार करतो. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये जो पडदा आहे, त्यातून रक्तातले एलडीएल, म्हणजे ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते, आत जाऊ शकत नाही. त्यामुळे रक्तातले एलडीएल कमी केले म्हणून मेंदू उपाशी राहत नाही. उलट ते वाढले की मेंदूला रक्त पोचवणाऱ्या नळ्या बिघडतात.

या भीतीला एक जुना आधार आहे, तोही सांगतो. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१२ साली स्टॅटिनच्या (अटोर्व्हास्टॅटिन ज्या गटातले आहे त्या औषधांच्या) माहितीपत्रकात भर घातली की काही रुग्णांनी विसराळूपणाच्या तक्रारी केल्या आहेत, त्या साधारणपणे गंभीर नव्हत्या आणि औषध थांबवल्यावर गेल्या. मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांत यातला पहिला भाग तेवढा राहिला. मात्र त्याच्या किती तरी आधी झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत नेमके हे तपासले गेले होते. हार्ट प्रोटेक्शन स्टडीत २० हजारांहून अधिक लोक होते. प्रॉस्पर चाचणीत सत्तरी ओलांडलेले ५,८०४ लोक होते. दोन्हींचे निष्कर्ष २००२ साली आले. स्टॅटिन घेणारे आणि औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी घेणारे यांच्या बुद्धीत फरक आढळला नाही. नुकसान नाही, आणि फायदाही नाही.

बाईंच्या बाबतीत तर उत्तर त्यांच्याच इतिहासात होते. गोळी सुरू झाल्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ सगळे सुरळीत होते. गोळी थांबवून दहा महिने झाले तरी गोंधळ कमी झाला नव्हता, वाढलाच होता. गोळी हे कारण असते तर इतक्या दिवसांत सुधारणा दिसायला हवी होती.

तपासणी

रक्तदाब १५२/८६. कंबर ९२ सेंटिमीटर. पायांच्या बोटांत कंपनाची जाणीव कमी. बोलताना मी आवाज चढवल्याशिवाय बाईंना पुरते ऐकू येत नव्हते, आणि न ऐकता त्या मान हलवत होत्या.

बुद्धीची चाचणी मी मराठीतून घेतली आणि घाई केली नाही. मोका या स्मरण, आखणी, भाषा तपासणाऱ्या छोट्या चाचणीत ३० पैकी २१ गुण आले. सर्वसाधारणपणे २६ किंवा त्याहून अधिक अपेक्षित असतात. पण माझ्या मते गुणांच्या बेरजेपेक्षा ते कुठे गेले हे जास्त बोलते. घड्याळ काढताना बाईंनी वर्तुळ सुबक काढले, आकडे मात्र सगळे उजव्या अर्ध्या भागात दाटीने बसवले. मग स्वतःच त्याकडे पाहत राहिल्या. आपले काहीतरी चुकले आहे हे त्यांना कळत होते, ते दुरुस्त कसे करायचे ते सुचत नव्हते. 'क'पासून सुरू होणारे शब्द एका मिनिटात सांगा म्हटल्यावर सहा शब्द आले. उभे आयुष्य मराठी शिकवलेल्या शिक्षिकेकडून सहा. लक्षात ठेवायला दिलेल्या पाच शब्दांपैकी काही वेळाने दोन आठवले, पण "ते एक फूल होतं" असा धागा दिल्यावर आणखी दोन आले.

या शेवटच्या गोष्टीला मी फार महत्त्व देतो. धागा दिल्यावर शब्द आठवतो, याचा अर्थ तो आत साठला होता, बाहेर काढायची वाट अडली होती. अल्झायमरच्या नमुनेदार आजारात साठवणच बिघडते आणि धागा देऊनही फारसा उपयोग होत नाही. बाईंचे चित्र मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या आजाराकडे बोट दाखवत होते. अर्थात दोन्ही आजार एकाच डोक्यात नांदू शकतात, आणि या वयात बऱ्याचदा नांदतात.

रक्ताचे अहवाल असे आले. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, ८.४. बी१२ जीवनसत्त्व १६८, म्हणजे कमी. थायरॉइड ठीक. हे तपासणे गरजेचेच होते, कारण थायरॉइड मंदावले तर कोलेस्टेरॉलही वाढते आणि बुद्धीही जड होते. लघवीत अल्ब्युमिन हे प्रथिन जाऊ लागले होते, म्हणजे मूत्रपिंडाला झळ लागली होती, प्रमाण ६४. आणि लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी: एकूण कोलेस्टेरॉल २४६, ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी चरबी) २९०, एचडीएल (चांगले कोलेस्टेरॉल) ३६, एलडीएल १५२.

मुलीने अहवालातल्या छापील रकान्यावर बोट ठेवले. १५२ पुढे 'सीमारेषेवर जास्त' असे लिहिले होते. "म्हणजे थोडंच वाढलंय ना, डॉक्टर?" तो रकाना सगळ्यांसाठी एकच छापलेला असतो. १५ वर्षांचा मधुमेह, रक्तदाब आणि लघवीत अल्ब्युमिन असलेल्या व्यक्तीला तो लागू नाही. बाईंचे एलडीएल ७० च्या खाली, जमल्यास ५५ च्या आसपास हवे होते. म्हणजे ते दुपटीहून जास्त होते.

हा अहवाल वाचायची आणखी एक रीत आहे आणि मधुमेहात ती जास्त उपयोगी पडते. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचे. २४६ वजा ३६, म्हणजे २१०. रक्तवाहिन्यांना त्रास देणाऱ्या सगळ्या कणांमधले कोलेस्टेरॉल या एका आकड्यात येते. साधारणपणे एलडीएलच्या लक्ष्यात ३० मिळवले की याचे लक्ष्य मिळते, म्हणजे बाईंना १०० च्या आत राहायचे होते. यासाठी उपाशीपोटी रक्त देण्याचीही गरज नसते. बहुतेक प्रयोगशाळा एलडीएल प्रत्यक्ष मोजत नाहीत, बाकीच्या आकड्यांवरून गणिताने काढतात, आणि ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेले की ते गणित चुकते. मधुमेहींत ट्रायग्लिसराइड पुष्कळदा चढलेले असते, म्हणून ही वजाबाकी रुग्णांनाही शिकवावी. बेरीज-वजाबाकी शिकवण्यात हयात गेलेल्या बाईंनी ती माझ्यासमोर पेन्सिलीने करून पाहिली आणि चुकल्या नाहीत.

बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) मेंदूचा एमआरआय झाला. मेंदूच्या आतल्या पांढऱ्या भागात ठिकठिकाणी डाग होते, आणि खोलवर दोन अगदी लहान जुने झटके येऊन गेल्याच्या खुणा होत्या. पक्षाघात झाल्याचे बाईंना किंवा घरच्यांना कधी जाणवले नव्हते. स्मरणाशी संबंध असलेला हिप्पोकॅम्पसचा भाग वयाच्या मानाने थोडाच आक्रसला होता.

चरबी मेंदूपर्यंत कशी पोचते

मधुमेहातला चरबीचा बिघाड हा नुसत्या तूप-तेलाचा प्रश्न नाही. इन्सुलिनचे एक काम असते पोटाभोवतीच्या चरबीला धरून ठेवण्याचे. इन्सुलिनचा परिणाम होईनासा झाला की ती चरबी सुटून यकृताकडे येऊ लागते. यकृत तिच्यापासून ट्रायग्लिसराइडने भरलेले कण बनवून रक्तात सोडत राहते. पुढे रक्तात देवघेव होते. हे कण आपले ट्रायग्लिसराइड एलडीएल आणि एचडीएलच्या कणांना देतात आणि बदल्यात कोलेस्टेरॉल घेतात. यातून एलडीएलचे कण लहान आणि घट्ट होतात, एचडीएल लवकर नष्ट होते. अहवालात मग तीच जोडी दिसते: ट्रायग्लिसराइड चढलेले, एचडीएल उतरलेले. एलडीएलचा आकडा फार वाईट दिसत नसला तरी त्याचे लहान कण संख्येने जास्त असतात, रक्तवाहिनीच्या अस्तरात सहज शिरतात आणि तिथे अडकून राहतात.

मेंदूच्या आतल्या भागाला रक्त पोचवणाऱ्या धमन्या फार बारीक असतात आणि त्यांना पर्यायी वाट नसते. फोंड्याच्या कुळागरात ज्यांनी पाणी सोडले आहे त्यांना हे पटकन कळेल. पाटाचे पाणी कमी झाले की झऱ्याजवळच्या पोफळी हिरव्याच राहतात आणि शेवटच्या ओळीतल्या आधी सुकतात. मेंदूतला हा शेवटच्या ओळीचा भाग म्हणजे वेगवेगळी केंद्रे एकमेकांना जोडणाऱ्या तारा. केंद्रे शाबूत आणि तारा क्षीण, म्हणून माणसे ओळखू येतात पण कामे जुळत नाहीत. यात चरबी एकटी नसते. या बारीक धमन्यांचा पहिला शत्रू रक्तदाब, मग साखर, आणि त्यांच्या जोडीला ही चरबी. बाईंकडे तिन्ही होते.

डिमेन्शियावरच्या (स्मृतिभ्रंशावरच्या) लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ च्या अहवालात टाळता येण्याजोग्या १४ कारणांची यादी दिली. मध्यमवयातले वाढलेले एलडीएल तिच्यात त्या वर्षी नव्याने आले. सगळी कारणे टाळली तर जवळपास ४५ टक्के रुग्णांत आजार टळू किंवा लांबू शकतो, असा आयोगाचा अंदाज आहे. त्यात एलडीएलचा वाटा ७ टक्के धरला आहे, आणि ऐकू न येण्याचाही तेवढाच.

'मध्यमवयातले' हा शब्द इथे मोलाचा आहे. चाळिशी-पन्नाशीतले वाढलेले कोलेस्टेरॉल पुढच्या स्मृतिभ्रंशाशी जोडलेले दिसते. पण सत्तरी-ऐंशीत मोजले तर हा संबंध फिका पडतो, कधी उलटाही दिसतो. त्यावरून म्हातारपणी कोलेस्टेरॉल जास्तच बरे, असा निष्कर्ष काही जण काढतात. तो चुकीचा आहे. आजार उघड व्हायच्या कितीतरी आधीपासून माणसाचे खाणे आणि वजन घटू लागते, आणि त्याबरोबर कोलेस्टेरॉलही उतरते. म्हणजे उतरलेले कोलेस्टेरॉल हे आजाराचे कारण नव्हे, परिणाम असतो.

काय केले

सगळ्यात आधी ग्लिमेपिराइड बंद केली. यजमानांना विचारल्यावर कळले की पहाटे कधी कधी बाईंची झोपेतच चोळी घामाने भिजायची, त्या उठून असंबद्ध बोलायच्या आणि गोड चहा घेतला की ठीक व्हायच्या. त्यांना ते स्वप्न वाटत होते. मी पहाटे तीनला ग्लुकोमीटरवर साखर बघायला सांगितली, ती ६१ निघाली. सोमवारी आणि एकादशीला बाईंचा उपवास असतो आणि त्या दिवशीही गोळी चालूच होती. वयस्क मधुमेहींमध्ये साखर वारंवार फार खाली जाणे आणि पुढे स्मृतिभ्रंश होणे यांचा संबंध अभ्यासांत दिसला आहे. तो दोन्ही बाजूंनी चालतो: साखर उतरल्याने मेंदू दुखावतो, आणि दुखावलेला मेंदू गोळ्यांचा घोळ करतो. एचबीए१सी ८.४ असलेल्या माणसाची साखर खाली जाणार नाही, ही समजूत डॉक्टरांमध्येही आहे. तीन महिन्यांची सरासरी पहाटेचे तीन वाजलेले दाखवत नाही.

ग्लिमेपिराइडच्या जागी एम्पाग्लिफ्लोझिन हे साखरेचे दुसरे औषध दिले, मूत्रपिंडाचाही त्यात फायदा होता. मात्र कडक उपवासाच्या दिवशी ते घ्यायचे नाही हे लिहून दिले. एचबीए१सीचे लक्ष्य ७.५ च्या आसपास ठेवले. त्याहून खाली रेटायचा मोह मी टाळला. मधुमेहींवरच्या अकॉर्ड या मोठ्या चाचणीतल्या, बुद्धी तपासणाऱ्या अकॉर्ड-माइंड अभ्यासात साखर अगदी कडक ठेवलेल्या मधुमेहींच्या बुद्धीला त्याचा काही फायदा झाला नव्हता.

अटोर्व्हास्टॅटिन ४० मिलिग्रॅमने पुन्हा सुरू केले. मुलीला शंका होती आणि तिने ती उघड विचारली, ते बरे झाले. तिला मी सांगितले की या गोळीने आईची स्मरणशक्ती परत येईल असे मी म्हणत नाही, तसा पुरावा नाही. या गोळीने पुढचा पक्षाघात आणि हृदयविकाराचा झटका यांची शक्यता कमी होते, याचा पुरावा भक्कम आहे. आणि बाईंसारख्या मेंदूत पुढचा प्रत्येक लहानसा झटका आणखी एक काम हिरावून नेतो. ट्रायग्लिसराइडसाठी फेनोफायब्रेट जोडायचे का, हा प्रश्न होता. जोडले नाही. स्टॅटिनच्या जोडीला ते दिल्याने अकॉर्डमध्ये हृदयालाही एकंदर फायदा दिसला नाही आणि बुद्धीलाही नाही. २९० हा आकडा स्वादुपिंडाला धोका व्हावा इतका मोठाही नव्हता. साखर ताळ्यावर आली की तो उतरेल असा माझा अंदाज होता.

बी१२ ची इंजेक्शने सुरू केली. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत ही कमतरता नेहमी आढळते. पायांची बधिरता 'साखरेची' म्हणून सोडून दिली जाते, आणि बुद्धीचा मंदपणा 'वयाचा' म्हणून. टेल्मिसार्टन नियमित घ्यायची व्यवस्था केली. सात दिवसांच्या कप्प्यांचा गोळ्यांचा डबा आणला आणि तो भरायचे काम यजमानांनी स्वतःकडे घेतले. कानाची तपासणी झाली, श्रवणयंत्र लागले. ते वापरायला बाई आधी तयार नव्हत्या. नातवाचे बोलणे फोनवर नीट ऐकू आल्यावर तयार झाल्या.

खाण्याबद्दल मात्र जास्त बोलावे लागले. 'नारळ बंद' असा हुकूम गोव्यातल्या घरात टिकत नाही, आणि टिकवायची गरजही नाही. नारळात कोलेस्टेरॉल नसते, पण त्यातली संपृक्त चरबी एलडीएल वाढवते, हे दोन्ही खरे आहे. घरात रोज दोन वेळा नारळाच्या वाटपाचे जेवण असायचे. ते एका वेळेवर आणले आणि वाटपात नारळ निम्मा केला. बांगडा, तारले घरात होतेच. रव्यात घोळवून तळण्याऐवजी हुमणात (कालवणात) किंवा तव्यावर थोड्या तेलात करायला सांगितले. या माशांतली चरबी हिताची असते. खरा सुधार दुसरीकडे होता. ट्रायग्लिसराइड चढते ते तुपापेक्षा भात, पाव, साखर यांनी. सकाळी पाव-पातळभाजी, दुपारी भात, संध्याकाळी गोड चहा आणि खारी, रात्री परत भात, आणि उपवासाला साबुदाण्याची खिचडी. पावाऐवजी कोंड्याची पोळी, रात्री भाताऐवजी नाचणीची भाकरी, उपवासाला वरी आणि ताक, एवढे बदल बाईंनी मान्य केले. (पुरुष रुग्ण असता तर दारूबद्दलही विचारले असते. आपल्याकडे ट्रायग्लिसराइडच्या मागे ती पुष्कळदा असते आणि आपण विचारायला संकोचतो.)

भजनी मंडळाचे काय करायचे, हा प्रश्न औषधांइतकाच मोठा होता. बाई माणसांतून उठल्या होत्या, आणि एकटे पडण्याने ही झीज वेग घेते. जमाखर्च दुसऱ्या सदस्येकडे गेला. बाईंनी परत जाऊन फक्त भजन म्हणावे असे मी सुचवले. मंडळातल्या बायकाच घरी येऊन त्यांना घेऊन गेल्या.

पुढे काय झाले

तीन महिन्यांनी एलडीएल ८८ वर आले, ट्रायग्लिसराइड १९०. एझेटिमाइब हे कोलेस्टेरॉलचे दुसरे औषध १० मिलिग्रॅम जोडले. नऊ महिन्यांनी एकूण कोलेस्टेरॉल १३७, एचडीएल ४०, ट्रायग्लिसराइड १६४, एलडीएल ६४. वजाबाकीचा आकडा २१० वरून ९७. एचबीए१सी ७.४, रक्तदाब १२८/७६, बी१२ पुरेसे. पहाटेचा घाम थांबला.

मोका चाचणीत २४ गुण आले. घड्याळाचे आकडे गोल बसले, काटे चुकले. घरच्यांना फार आनंद झाला, पण मी सावध राहिलो. एक तर दुसऱ्यांदा परीक्षा देताना सरावाचे गुण मिळतात. दुसरे म्हणजे जी सुधारणा झाली ती बहुधा साखर खाली जाणे थांबल्याने, बी१२ भरून निघाल्याने आणि ऐकू येऊ लागल्याने झाली. मेंदूतले डाग पुसले जात नाहीत. चरबी आणि रक्तदाब ताब्यात ठेवल्याचा हिशेब गुणांत लगेच दिसायचा नाही. पुढच्या वर्षांत जे घडायचे टळेल, तो त्याचा हिशेब. घरातले पैसे आणि बँकेची कामे आता यजमानांच्या देखरेखीखाली आहेत, ती तशीच राहावीत असे मी सांगितले आहे. दर सहा महिन्यांनी बाईंची तपासणी होते.

याच भेटीत मी मुलीलाही तपासून घ्यायला सांगितले. वय ४१, दिवसभर खुर्चीवर काम, कंबर ८८ सेंटिमीटर. पहिल्या बाळंतपणात तिची साखर वाढली होती, आणि त्यानंतर तिने ती कधीच तपासली नव्हती. उपाशीपोटी साखर ११२, ट्रायग्लिसराइड २१०, एचडीएल ३८, एलडीएल १३८. म्हणजे आईच्या अहवालातला तोच नमुना, पंचवीस वर्षे आधी, मधुमेह व्हायच्या उंबरठ्यावर. तिला वाटत होते की आपण आईसाठी येतो आहोत. मेंदूच्या दृष्टीने चरबीचा आकडा सगळ्यात जास्त बोलतो तो याच वयात. तिचा आहार आणि रोजचे चालणे ठरवून दिले आहे, तीन महिन्यांनी लिपिड प्रोफाइल पुन्हा होईल. एलडीएल उतरले नाही तर गोळीचा निर्णय तिच्याशी बोलून घ्यायचा, असे ठरले आहे.